मदत हवी आहे: सासूबाईंचा जपानी टी-सेट रोज वापरायला काढावा का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शाहूपुरीत राहते. प्रश्न कपबश्यांचा आहे, पण गेले पंधरा दिवस आमच्या घरात त्यावरून धुसफूस चालू आहे, म्हणून इथं विचारतेय.

गेल्या महिन्यात माळा साफ करायला काढला. एका लाकडी खोक्यात चिनी मातीचा सेट निघाला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आमच्या घरात असलं काही आहे याचा मला पत्ताच नव्हता! सहा कप, सहा बश्या, किटली, दुधाचं भांडं, साखरेचं झाकणाचं भांडं. पांढऱ्यावर फिकट गुलाबी फुलं, काठाला सोनेरी रेघ, तळाला 'मेड इन जपान'. आजेसासऱ्यांनी मुंबईहून आणला, एवढंच सासूबाई सांगतात. प्रत्येक नग वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एका कपाचा कागद उलगडला तर त्यावर वर्ल्ड कप घेतलेला कपिल देव. म्हणजे जून १९८३. हिशोब बरोबर लागला, कारण त्याच पावसाळ्यात नणंदबाईंना बघायला पाहुणे आले होते. त्यांना या कपातून चहा दिला आणि सेट वर गेला तो गेलाच. नणंदबाई आता आजी झाल्यात.

२०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी होतं. मिक्सर, गाद्या, काचेच्या बरण्या, सगळं गेलं. सेट माळ्यावर होता म्हणून वाचला. सासूबाई म्हणतात, "बघ, वर ठेवला म्हणून राहिला." यांचं म्हणणं असं की पाणी ओसरल्यावर आपण महिनाभर शेजाऱ्यांनी दिलेल्या चार पेल्यांत पाळीपाळीनं चहा प्यालो, आणि डोक्यावर सहा कप पडून होते, कुणाला आठवणही झाली नाही.

मला तो रोज वापरायचाय. रोज म्हणजे निदान संध्याकाळचा चहा. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्या स्वतः त्या कपातून एकदाही चहा प्यायलेल्या नाहीत. पाहुण्यांना कप आणि घरच्या बायकांना स्टीलचे पेले, अशीच पद्धत होती म्हणतात. मला वाटतं, आता तरी त्यांनी प्यावा. त्यांचं एकच पालुपद, "माझ्या माघारी काय ते करा."

आता खरी गोष्ट. मी न विचारता एक कप काढला, धुतला, आणि गॅसवरचा उकळता चहा गाळणीतून थेट त्यात ओतला. 'टक्' असा आवाज आला. काठापासून निम्म्यापर्यंत केसासारखी रेघ, आणि बघताबघता ती रेघ चहानं तपकिरी झाली. सासूबाई सोप्यात बसल्या होत्या. त्यांनी आतूनच विचारलं, "कुठला कप? दाखव." नेऊन दाखवला. चष्मा लावून खालून-वरून बघितला, "बरं" म्हणाल्या आणि जपाला बसल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

तर, एक म्हणजे असली जुनी भांडी रोज वापरायला चालतात का, आणि कशी? दुसरं, त्या तडकलेल्या कपाचं काय करू? आणि तिसरं तुम्हीच सांगा, मी हट्ट सोडावा का?

भाकरतुकडा:
वापरा की ताई. भांडी नुसती बघायची असतील तर न्यू पॅलेसला तिकीट काढून जाता येतंय. घरात कशाला म्युझियम?

किल्लीकमरेला:
मी उलट सांगते, रागावू नका. आमच्या आईनं असाच हौसेनं सेट रोजच्या वापरात काढला. सहा महिन्यांत दोन कप आणि पाच बश्याच उरल्या. त्या दोन कपांकडं बघून तिला जो त्रास व्हायचा, तो माळ्यावरच्या खोक्यानं कधी झाला नसता. आणि भांडी घासणाऱ्या मावशींशी भांडण झालं ते वेगळंच. आठ माणसांचं घर, तारेची घासणी, ग्रॅनाइटचा ओटा, त्यात ते नाजूक कप. कुणाचं काय चुकलं म्हणायचं? सणावाराला काढा, दिवाळीला, गौरीच्या हळदीकुंकवाला. रोज नको.

ओलीमाती:
मी सिरॅमिक्सचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी तडकलेल्या कपाबद्दल. चिनी मातीतून उष्णता पटकन पसरत नाही. गार कपात उकळता चहा पडला की आतली बाजू एकदम फुगायला बघते आणि बाहेरची गारच असते. त्या ओढाताणीत जिथं आधीची बारीक खोट असेल तिथून तडा जातो. चाळीस वर्षांपूर्वी कुठंतरी ठोकर लागलेली असू शकते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे निम्मा दोष तुमचा, निम्मा त्या खोटीचा. यापुढं चहा ओतायच्या आधी कप कोमट, मग गरम पाण्यानं विसळून घ्या, आणि चहा गॅसवरून उतरवल्यावर मिनिटभर थांबा. तो कप आता चहाला वापरू नका. तड्यात चहा-दूध मुरतं, ते धुऊन निघत नाही, आणि एखाद्या दिवशी कप हातातच दुभंगायचा. फेव्हिक्विक वगैरे लावून तर मुळीच पिऊ नका. पेनं ठेवा त्यात.

बाकीचे कप तपासून घ्या. कानाला धरून कप अधांतरी ठेवा आणि काठावर नखानं टिचकी मारा. साबूत कप किणकिणतो, आवाज रेंगाळतो. तडा असला तर बद्द वाजतो, लगेच गप्प होतो.

आता सोनेरी रेघ आणि फुलं. चिनी माती साधारण १३०० अंशांच्या आसपास भाजतात. सोनं आणि बरेचसे रंग मात्र भांड्यावरच्या काचेसारख्या चकाकीच्या थराच्या वर लावून नंतर खूप कमी आचेवर पुन्हा भाजलेले असतात, म्हणजे ते वरवरचेच. बोट फिरवून बघा, फुलं किंचित उंचवट्यासारखी लागली तर समजायचं वरून रंगवलेली आहेत. तिथं घासणी, राख, भांड्यांचा बार काही चालत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर ठेवूच नका, सोन्याच्या रेघेवर ठिणग्या उडतात. प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, मऊ स्पंज, थोडा लिक्विड साबण, आणि एका वेळी एकच नग. नळाच्या तोटीपासून लांब. माझ्या अनुभवात निम्मे कप हातातून पडून फुटत नाहीत, तोटीला आपटून फुटतात. चहाचे डाग आत राहिले तर खायचा सोडा ओलसर करून बोटानं चोळा, सोन्यावर जाऊ देऊ नका.

एक गंभीर गोष्ट. जुन्या भांड्यांच्या रंगात आणि चकाकीत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थात ते उतरतं. म्हणून त्यात लिंबाचा चहा, सोलकढी, आमसुलाचं सार, लोणचं असलं काही नको, आणि कुठलाच पदार्थ ठेवून द्यायचा नाही. ज्या कपात आतल्या बाजूला रंगीत फुलं आहेत, किंवा ज्याची चकाकी झिजून खरखरीत झालीय, तो वापरातून काढा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला यातून रोज देऊ नका. आतून पांढरा आणि गुळगुळीत असेल तर दुधाचा चहा ओतला, प्याला, धुतला, यात धोका बराच कमी. रोजचंच करायचं असेल तर प्रयोगशाळेतून एक नग तपासून घेतलेला उत्तम. त्या तडकलेल्या कपाचा तेवढा उपयोग होईल, तोच पाठवा.

ठेवताना बश्यांच्या मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाला, कपात कप घालू नका आणि कानाला अडकवून टांगू नका.

शिरोळकर:
आमच्यात जैन घर, म्हणून विचारतो. यात हाडाची भुकटी असते म्हणतात ते खरं का? आमच्या आईनं लग्नात आलेला अख्खा सेट त्याच कारणानं देऊन टाकला होता.

ओलीमाती:
दादा, सगळ्यात नसते. ज्यात असते त्याला बोन चायना म्हणतात, आणि नाव शब्दशः खरं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात जोसाया स्पोड यांनी तो कृतीसकट बसवला. त्यात जनावरांच्या हाडांची राख जवळपास निम्मी असते, म्हणून तो पातळ करता येतो आणि तरी चिवट राहतो. मूळची चिनी पद्धत वेगळी, त्यात केओलिन नावाची पांढरी माती आणि दगडाची भुकटी, हाड नाही. बोन चायना बनवणारे बहुतेक वेळा ते अभिमानानं तळाला छापतात, म्हणून आधी तळ बघा. शिक्का नसेल तर दिव्यासमोर धरा. दोन्हीतून उजेड दिसतो, पण बोन चायनाचा पांढरा सायीकडं झुकतो आणि साध्या पोर्सलेनचा, म्हणजे हाड नसलेल्या चिनी मातीचा, निळसर, थंड. खात्रीचं मात्र शिक्क्यावरूनच.

धागाकर्तीला सांगायचं राहिलं. जपानी मालावर १८९१ पासून पुढं 'निप्पॉन' लिहायचे, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळं. १९२१ नंतर तिथं 'जपान' लिहिणं सक्तीचं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिका आणि दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना, १९५२ पर्यंतच्या काही मालावर 'ऑक्युपाइड जपान' सापडतं. तुमच्यावर नुसतं 'मेड इन जपान' आहे, म्हणजे बहुधा १९२१ नंतरचा, याहून जास्त तेवढ्यावरून सांगता येणार नाही.

रंकाळ्यावरचावारा:
फोटो टाका ना ताई. आणि तो कपिल देवचा कागद फेकू नका, तो सेटपेक्षा महाग जाईल.

सांजवात:
एक विचारू? सगळे भांड्यांबद्दल बोलतायत. सासूबाईंना नेमकं काय वाचवायचंय हे कुणी विचारलं का त्यांना? माझ्या सासूबाई चांदीची वाटी कुणाला हात लावू देत नव्हत्या. पुष्कळ वर्षांनी कळलं, ती त्यांच्या गेलेल्या मुलाची होती.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सांजवात, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्पच होते. काय झालं ते सांगते.

रविवारी सकाळी ओलीमातींनी लिहिलंय तसं कप तपासायला बसले. टिचकी मारतेय, ऐकतेय, मला काही धड कळेना. सासूबाई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आण इकडं. माठ वाजवून घ्यायला येत नाही आणि कप वाजवायला निघालीय." आमच्यापासून कुंभार गल्ली दोन पावलांवर. दर उन्हाळ्यात माठ त्याच वाजवून घेतात, मी नुसती पिशवी धरून उभी असते. त्यांनी एकेक कप कानाशी नेला. चार कप छान किणकिणले. पाचवा न वाजवताच बाजूला ठेवला.

म्हटलं, हा राहिला. तर म्हणाल्या, "तो तडकलेलाच आहे."

मी वाजवला. बद्द.

मग सांगितलं. पाहुणे गेल्यावर कपबश्या त्यांनीच धुतल्या होत्या. मोरीच्या दगडाला एक कप लागला. दिसण्यासारखं काही नव्हतं, पण आवाज बदलला ते त्यांना कळलं. त्यांच्या सासूबाई कडक. ठरलेलं लग्न, त्यात नवा अपशकुन नको, आणि बोलणी तर नकोतच. म्हणून त्यांनी स्वतःच कागदात गुंडाळून, खोका बांधून, यांच्याकडून माळ्यावर चढवला. हे तेव्हा दहा वर्षांचे. पुढं कुणी विचारलं की "जपून ठेवलाय" म्हणायचं. मी 'टक्' ऐकवलं तेव्हा त्यांना वाटलं, तोच कप असणार, म्हणून आतून विचारलं, कुठला. निघाला दुसराच.

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण थोडंच.

संध्याकाळी कप गरम पाण्यानं विसळले. आतून पांढरेच आहेत, फुलं सगळी बाहेरून. तळाला बोन वगैरे काही नाही. तडकलेला एक तपासायला पाठवतेय, तोवर आठवड्यातून एखाद्या वेळीच वापरायचं ठरलंय. आमच्याकडं म्हशीचं दूध, त्यामुळं चहावर साय धरतेच. सासूबाईंनी ती बोटानं बाजूला केली आणि नेहमीसारखा चहा बशीत ओतला. सोनेरी काठाच्या बशीतून फुर्रर्र. दुसऱ्या घोटाला कडेनं सांडला, पदरावर. म्हणाल्या, "बशी फार पसरट केलीय. जपानी लोकांना चहा पिता येत नाही वाटतं." तरी बशी पुढं केलीच, अजून ओत म्हणून.

किल्लीकमरेला, तुमचं पटलं तेवढं घेतलं. हे कप मावशींच्या घासणीत जाणार नाहीत, मी स्वतः टबात धुणार. रंकाळ्यावरचावारा, कागद ठेवलाय. फोटो उद्या टाकते.

नणंदबाईंना फोनवर सगळं सांगितलं, तडकलेल्या कपासकट. पुढच्या रविवारी मुलीला आणि नातीला घेऊन येतायत. कप चार आणि नातीला धरून आम्ही सात. सासूबाईंना विचारलं, कसं करायचं? म्हणाल्या, "पोरीला दूध दे तिच्या मगात. आपण बायका चौघी. पुरुषांना स्टीलचे पेले काढ."