ट्रोलिंग मोटरला वेगळ्या बॅटऱ्या घेतोय, इंजिनच्या बॅटरीला जोडू का नको?

गळ_आणि_गप्पा:
नमस्कार मंडळी. चौदा फुटी फायबरची बोट आहे, मागे आउटबोर्ड आणि पुढच्या टोकाला ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट हळू चालवायला किंवा जागेवर धरायला असते ती छोटी इलेक्ट्रिक मोटर. आत्तापर्यंत सगळं एकाच बॅटरीवर चालू होतं, म्हणजे इंजिनचा सेल्फ (स्टार्टर), फिश फाइंडर, दिवे आणि ही मोटर पण. परवा वारा होता म्हणून बोट एका जागी धरून ठेवायला मोटर कमी-जास्त करत दोनेक तास चालवली, मासे लागत होते त्यामुळे जागेवरून हलवेना, आणि निघताना सेल्फ मारला तर नुसतं टिक टिक टिक. फिश फाइंडर बंद होऊन परत चालू झाला, इंजिन मात्र ढिम्म. वल्ही मारत किनाऱ्याला आलो, खांदे अजून बोलतायत.

आता १०० एएचच्या (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) दोन डीप सायकल बॅटऱ्या घ्यायच्या म्हणतोय. माझा विचार असा की तिन्ही पॅरलल करून टाकू, मोठी टाकी झाली की संपायचा प्रश्नच नाही. मित्र म्हणतो दोन्ही सिरीजमध्ये लाव, २४ व्होल्ट मिळाले की मोटर जोरात ओढेल. बॅटऱ्या मागेच ठेवाव्या लागतील, पुढे जागा नाही. वायर आधीची आहेच, तीच वापरीन. कोणी असं केलंय का?

जुनी_वल्ही:
मित्राचं ऐकू नका राव, १२ व्होल्टच्या मोटरला २४ दिलेत तर तिचा कंट्रोल बोर्ड जळेल. २४ व्होल्ट हवेत तर मोटरच २४ ची घ्यावी लागते, त्या साधारण ७०-८० पौंडांच्या पुढे सुरू होतात. चौदा फुटी बोटीला ५५ पौंड भरपूर झाले.

तिन्ही पॅरलल पण नको. टाकी मोठी होईल खरी, पण रिकामी होईल तेव्हा तिन्ही एकदमच रिकाम्या, म्हणजे परत वल्ही. शिवाय सेल्फची बॅटरी वेगळ्या जातीची असते, आत पातळ प्लेटा जास्त भरलेल्या असतात, दोन-तीन सेकंद दणकून करंट द्यायचा आणि लगेच इंजिनने ती भरून टाकायची एवढंच तिचं काम. तिला तासन्‌तास पिळलं की थोड्याच वेळात बसते. तुमची आत्ताची बॅटरी पण चेक करून घ्या, मला तर ती गेलेलीच वाटतेय. डीप सायकलच्या प्लेटा जाड असतात म्हणून ती हळूहळू रिकामी झालेली सहन करते.

म्हणून इंजिनवाली एकटी राहू दे, तिच्यावर सेल्फ, फिश फाइंडर आणि दिवे. नव्या दोन एकमेकींना पॅरलल, आणि त्यांच्यावर फक्त मोटर. मोटरचा मायनस पण थेट तिच्याच बॅटरीला, इंजिनच्या मायनसला जोडायचा नाही. एकाच बॅटरीवर फिश फाइंडर आणि मोटर असली की स्क्रीनवर रेघारेघा येतात, ते पण यात बरंचसं जाईल. मी आधी मध्ये एक स्विच टाकला होता, इंजिनची आणि मोटरची बॅटरी एकमेकींना जोडता येतील असा, आणि एकदा तो 'दोन्ही'वरच विसरलो. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

तांब्याची_तार:
वरचं सगळं बरोबर, पण "वायर आधीची आहेच" हे वाचून थांबलो. किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) आहे ती? ही मोटर फुल स्पीडला ५० अँपियरच्या आसपास ओढते. मागून पुढे वायर वळणं घेत ६ मीटर धरली तर जाऊन-येऊन १२ मीटर. ४ स्क्वेअरची असेल तर एवढ्या करंटला अडीच व्होल्टच्या वर वायरीतच जातात. १६ स्क्वेअर टाकलीत तर पाऊण व्होल्टच्या आत. बॅटऱ्या कितीही घ्या, वायर बारीक असेल तर मोटर दमलेलीच वाटणार आणि तेवढी वीज वायर गरम करण्यात जाणार.

प्लसला बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपियरचा डीसी ब्रेकर लावा, घरातला एसी एमसीबी नको. वायरीच्या टोकाचे लग (तांब्याचे कान) नीट क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, नुसतं सोल्डर करून सोडू नका, बोटीच्या हादऱ्यांनी तिथेच तुटतं. आणि दोन बॅटऱ्या पॅरलल करताना मोटरचा प्लस पहिल्या बॅटरीवरून घ्या, मायनस दुसऱ्या बॅटरीवरून. दोन्ही एकीवरूनच घेतले तर तीच जास्त राबते. बॅटऱ्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या हव्यात, एक जुनी एक नवी केलं की जुनी नवीला खाते.

गळ_आणि_गप्पा:
वायर बघितली, ४ स्क्वेअरच निघाली 😅 दोन बॅटऱ्यांवर साधारण किती वेळ मिळेल? आणि इंजिन चालू असताना त्या चार्ज होतील का?

जुनी_वल्ही:
लेड ॲसिडमधले निम्मेच वापरायचे, म्हणजे २०० मधले १०० एएच. फुल स्पीडला कागदावर दोन तास, प्रत्यक्षात कमी, कारण एएचचा आकडा २० तासांत हळूहळू काढल्यावरचा असतो, एकदम ओढलं की बॅटरी तेवढं देत नाही. पण फुल स्पीडला गळ टाकून कोण बसतं? वेग थोडा कमी केला तरी करंट धाडकन पडतो, निम्म्या वेगाला अख्खा दिवस सहज निघेल. फक्त मोटर पाच गिअरच्या जुन्या पद्धतीची असेल तर कमी स्पीडला पण बरीच वीज फुकट जाते, सलग फिरणारं डिजिटल बटण असेल तर ती वाचते.

इंजिनच्या भरवशावर राहू नका, छोट्या आउटबोर्डचा चार्जिंग करंट अगदीच थोडा असतो. घरी आल्यावर त्याच रात्री चार्जरला लावा, रिकामी ठेवलेली लेड ॲसिड आठवड्याभरात आतून सल्फेट धरून खराब व्हायला लागते. हवेशीर जागी लावा, चार्ज होताना गॅस निघतो.

हलकी_होडी:
मी तर म्हणेन लेड ॲसिड घेऊच नका. १०० एएचची लेड ॲसिड २५-३० किलोची, दोन म्हणजे बोटीत अजून एक माणूस आणि तोही मागेच बसलेला. लिथियम फॉस्फेटची १०० एएचची एकच घ्या, १२-१३ किलो, त्यातले ८०-९० एएच बिनधास्त वापरा.

तांब्याची_तार:
@हलकी_होडी मान्य, पण त्यांना हे पण सांगा की चार्जर लिथियमला चालणारा लागतो, आणि आतल्या बीएमएसची (बॅटरीला सांभाळणाऱ्या सर्किटची) सलग करंट द्यायची क्षमता मोटरच्या करंटपेक्षा चांगली वर हवी. शिवाय लेड ॲसिड दमत दमत जाते, कळतं आपल्याला. लिथियम शेवटपर्यंत १३ व्होल्ट दाखवते आणि मग खटकन बंद, त्यामुळे व्होल्टमीटर बघून अंदाज बांधता येत नाही, वापरलेले एएच मोजणारा मीटर लावा.

गळ_आणि_गप्पा:
अपडेट. आत्ता सगळ्यांचा हिशोब केल्यावर वजनामुळे लिथियम एकच घेतली. लावायच्या आधी जुन्या वायरीवर मुद्दाम मोजून पाहिलं, फुल स्पीडला बॅटरीवर १२.९ आणि पुढे मोटरच्या प्लगवर १०.४! प्लग काढला तर एक पिन तपकिरी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक मऊ झालेलं, म्हणजे आग लागायचीच बाकी होती. प्लग बदलून १६ स्क्वेअर टाकली, ब्रेकर लावला, आता प्लगवर १२.१ येतायत. मोटर तीच आहे यावर बायकोचा विश्वास बसत नाहीये.

इंजिनची जुनी बॅटरी टेस्टला नेली, तुम्ही म्हणालात तशी गेलेलीच होती.