क्रॉस्बी की माल्किन? पेंग्विन्सच्या तीन कपांचा हिशेब

हिमरेषा

पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघाने २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये एनएचएल लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला. तिन्ही वेळा संघात सिडनी क्रॉस्बी (८७ नंबर) आणि येवगेनी माल्किन (७१ नंबर) होते. प्लेऑफमधल्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या) सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी २००९ ला माल्किनला मिळाली, पुढच्या दोन्ही वेळा क्रॉस्बीला. पण आकड्यांत डावं-उजवं करणं अवघड आहे. २००९ च्या प्लेऑफमध्ये २४ सामन्यांत माल्किनचे ३६ पॉइंट (१४ गोल, २२ असिस्ट), क्रॉस्बीचे ३१, पण क्रॉस्बीचे गोल १५, म्हणजे एक जास्तच. २०१७ ला माल्किन २८, क्रॉस्बी २७, आणि ट्रॉफी क्रॉस्बीला.

माझे प्रश्न असे:
दोघेही सेंटर, म्हणजे लाइनच्या (तीन फॉरवर्डच्या गटाच्या) मधले. इतके चांगले आहेत तर एकाच लाइनमध्ये का खेळवत नाहीत?
दोघांतला एक नसता तर कप आला असता का?
जुने सामने पुन्हा बघताना हा फरक ओळखायला नेमकं काय बघावं?

शेवटची_शिफ्ट

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

एका सामन्याला १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन आणि २ गोलरक्षक असतात. फॉरवर्डच्या तीन-तीनच्या चार लाइन, डिफेन्सच्या तीन जोड्या. एक शिफ्ट (बर्फावरची एक सलग पाळी) ४० ते ४५ सेकंदांची. मैदानी हॉकीतही खेळाडू सतत आत-बाहेर होतात, पण इथे पूर्ण वेगात एक मिनिट काढलं की पाय संपतात, त्यामुळे थांबण्याची सोयच नाही. कितीही मोठा सेंटर असला तरी ६० मिनिटांतली साधारण २० मिनिटंच तो बर्फावर असतो. आता गणित करा. दोघांना एकत्र ठेवलं तर उरलेली ४० मिनिटं संघाकडे दोघांपैकी कुणीच नाही. वेगळं ठेवलं तर ही मोकळी वेळ निम्म्यावर येते.

दुसरं कारण याहून मोठं आहे, ते म्हणजे शेवटचा बदल. खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाने आधी खेळाडू उतरवायचे, यजमानांनी ते बघून मग आपले. यजमान प्रशिक्षक आपली सर्वोत्तम बचाव जोडी समोरच्या हुकमी सेंटरवर सोडतो. पण अशी जोडी बहुतेक संघांकडे एकच असते. ती क्रॉस्बीवर लावली की माल्किनसमोर दुसरी जोडी येते, आणि दुसऱ्या जोडीने माल्किनला थोपवणं फार कठीण.

२००९ ची अंतिम मालिका याचं सरळ उदाहरण. डेट्रॉइटने सेंटर हेन्रिक झेटरबर्ग आणि डिफेन्समन निकलास लिडस्ट्रॉम यांना क्रॉस्बीच्या मागे लावलं. सात सामन्यांत क्रॉस्बीला १ गोल, २ असिस्ट. त्याच मालिकेत माल्किनचे ८ पॉइंट. क्रॉस्बी 'अपयशी' ठरला असं तेव्हा बरंच लिहिलं गेलं, ते मला अजिबात पटत नाही. जगातल्या त्या वेळच्या सर्वोत्तम बचावाची मिनिटं त्याने स्वतःवर ओढून घेतली, म्हणून माल्किनला जागा मिळाली. स्कोअरकार्डवर याचा रकानाच नाही.

कोपऱ्यातला_पक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यात खेळाच्या ढंगाची भर घालतो, कारण दोघांना वेगळं ठेवण्यामागे तोही भाग आहे.

क्रॉस्बीचा खेळ खाली, गोलच्या मागे आणि कोपऱ्यांत. पक (रबरी चकती) कडेच्या फळीला चिकटवून पाठीने माणूस अडवायचा, बॅकहँडने पास काढायचा. त्याला दोन्ही बाजूंना कोपऱ्यात घुसणारे आणि जाळ्यासमोर उभे राहणारे विंगर (बाजूचे फॉरवर्ड) लागतात. २००९ ला ख्रिस कुनिट्झ आणि बिल गेरिन हे दोघे हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात ट्रेडमधून आले ते त्याच कामासाठी.

माल्किनचा खेळ मधल्या झोनमधून (दोन निळ्या रेषांमधल्या पट्ट्यातून). लांब पावलं, पक स्वतः घेऊन वेगात निळी रेषा ओलांडायची, मग हात मोकळे. त्याला दुसऱ्या पकवाल्याची गरज नाही. सुटलेला पक परत मिळवून देणारा हवा. २००९ ला त्याच्या बाजूला रुस्लान फेडोटेन्को आणि मॅक्स टॅलबट. एकाच लाइनमध्ये टाकलं तर दोघांनाही पक हवा असतो आणि एकजण नुसता उभा राहतो.

माल्किनच्या बाजूने काय बिघडतं तेही सांगायला हवं. एक, निळ्या रेषेवर तिसऱ्या माणसाला चकवण्याच्या नादात पक जातो आणि समोरच्यांना दोनास एक अशी धाव मिळते. दोन, समोरच्याच झोनमध्ये काठी अडकवून फुकट पेनल्टी. तीन, फेस-ऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक जिंकणं. कारकीर्दभर तो पन्नास टक्क्यांच्या खालीच राहिला. त्यामुळे आपल्या झोनमधला महत्त्वाचा फेस-ऑफ त्याला देत नाहीत. २००९ ला ते काम जॉर्डन स्टालचं, २०१६ आणि २०१७ ला निक बोनिनो आणि मॅट कलन यांचं.

पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एकजण पेनल्टीमुळे बाहेर असताना, मात्र दोघे एकत्र. तिथे समोर चारच माणसं, जागा भरपूर. दोघेही डावखुरी काठी धरतात. माल्किन उजव्या वर्तुळाजवळ आलेला पक न थांबवता मारायच्या फटक्यासाठी, क्रॉस्बी खाली गोलरेषेच्या आसपास. २०१७ च्या संघात उजव्या काठीचा फिल केसल डावीकडे, म्हणजे दोन्ही बाजूंनी फटका तयार. धोका एकच: पाचही जण हल्ल्याचे असतात, वरचा पास चुकला की मागे धावून येणारा कुणी नाही.

दुसरी_बाजू

'दोघे वेगळे ठेवले की समोरचा अडकलाच' हे इतकं सोपं असतं तर २०१० ते २०१५ अशी सहा वर्षं कोरडी गेली नसती.

२०१३ ची बोस्टनविरुद्धची कॉन्फरन्स फायनल (कपाच्या अंतिम फेरीआधीची मालिका) बघा. बोस्टनचे विजय: ३-०, ६-१, २-१ (दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये), १-०. चार सामन्यांत पिट्सबर्गचे दोन गोल. पॉवर प्ले १५ संधींत शून्य. क्रॉस्बी शून्य पॉइंट, माल्किन शून्य पॉइंट. बोस्टनकडे पॅट्रिस बर्जरॉन आणि डेव्हिड क्रेची असे दोन्हीकडे खेळणारे दोन सेंटर होते, मागे झ्डेनो चारा, आणि जाळ्यात टुक्का रास्क. दोन धोके, दोन उत्तरं. शेवटच्या बदलाचा सगळा डाव तिथे निकामी झाला.

२००९ च्या मालिकेतही हेच एकदा दिसतं. डेट्रॉइटचा सेंटर पावेल डॅटसुक दुखापतीमुळे पहिले चार सामने नव्हता. पाचव्यात परतला आणि डेट्रॉइटने ५-० ने जिंकला. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, पण झेटरबर्गच्या जोडीला दुसरा तसाच सेंटर आल्यावर काय होतं ते त्या सामन्यात बघण्यासारखं आहे.

शेवटची_शिफ्ट

@दुसरी_बाजू, २०१३ चा दाखला अगदी योग्य. त्याच्याकडे मी असं बघतो: २०१२ च्या जूनमध्ये स्टाल कॅरोलायनाला गेला आणि तिसरी लाइन पातळ झाली. तीन सेंटरचा संघ दोन सेंटरचा झाला.

२००९ चे शेवटचे दोन सामने आठवा. सहावा २-१, पिट्सबर्गचे गोल स्टाल आणि टायलर केनेडीचे, म्हणजे तिसऱ्या लाइनचे. सातवा २-१, दोन्ही गोल टॅलबटचे, पहिल्यावर माल्किनचा असिस्ट. कप ज्या चार गोलांवर आला त्यातला एकही क्रॉस्बी किंवा माल्किनच्या काठीवरून नाही. समोरचा संघ दोन लाइनच्या मागे दमला की तिसरीला मोकळं रान मिळतं.

२०१६ ला तेच पुन्हा जमलं, थोडं योगायोगाने. मार्चमध्ये माल्किन जखमी झाला, म्हणून बोनिनोला कार्ल हॅगलिन आणि केसलच्या मध्ये टाकलं. लाइन इतकी जमली की माल्किन परतल्यावरही प्रशिक्षक माइक सलिव्हन यांनी ती मोडली नाही. त्या प्लेऑफमध्ये संघात सर्वाधिक पॉइंट केसलचे, २२. क्रॉस्बी १९, माल्किन १८.

हिमरेषा

हे वाचून प्रश्नच बदलला. 'कोण मोठा' यापेक्षा 'कोण कुणाला जागा करून देतो' हे बघायला हवं. मग तिसरा प्रश्न: हे स्वतः कसं तपासायचं? आणि एकजण नसताना काय झालं?

नोंदवही

तपासण्याची पद्धत सांगते. लीगच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या काळातल्या प्रत्येक सामन्याचे अहवाल आहेत. त्यातले दोन घ्या: प्ले-बाय-प्ले आणि टाइम ऑन आइस.

प्ले-बाय-प्लेमध्ये प्रत्येक घटनेच्या ओळीत (फेस-ऑफ, फटका, गोल, पेनल्टी) त्या क्षणी बर्फावर असलेल्या दोन्ही संघांच्या खेळाडूंचे नंबर असतात. आधी ५ विरुद्ध ५ च्या ओळी वेगळ्या काढा. पॉवर प्ले मिसळला तर सगळं चुकतं, कारण तिथे ८७ आणि ७१ एकत्रच दिसतात. मग ८७ असलेल्या ओळींत डेट्रॉइटचे ५ (लिडस्ट्रॉम) आणि ४० (झेटरबर्ग) किती वेळा येतात ते मोजा. तेच ७१ साठी.

नक्की मिनिटं हवी असतील तर टाइम ऑन आइस अहवालात प्रत्येक शिफ्टची सुरुवात आणि शेवट आहे. दोन खेळाडूंच्या शिफ्ट शेजारी मांडून समान सेकंद काढायचे. एका सामन्याला तास-दीड तास लागतो, पण डोळ्यांनी न दिसणारं दिसतं.

घरचे आणि बाहेरचे सामने कधीही एकत्र करू नका. इथे सगळ्यात जास्त चूक होते. २००९ ला १, २, ५, ७ डेट्रॉइटमध्ये झाले, ३, ४, ६ पिट्सबर्गमध्ये. पहिले सहाही सामने यजमानांनी जिंकले. शेवटचा बदल कुणाकडे होता हे सोडून दिलं तर जुळवणीचे आकडे एकमेकांना खोडून टाकतात.

व्हिडिओ बघताना आणखी एक: पकवर नजर न ठेवता खेळ थांबल्यावर बेंच बघा. पाहुणे उतरल्यावर यजमान बेंचवरून कोण उठतं? आयसिंग (आपल्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे मारणं) झालं असेल तर ते करणाऱ्या संघाला बदल करता येत नाही. ती ओळ मोजणीतून वगळा, ती जोडी प्रशिक्षकाने निवडलेली नसते.

एकजण नसतानाचं: २००७-०८ ला जानेवारीत क्रॉस्बीचा घोटा दुखावला, तो ५३ सामनेच खेळला. माल्किनने १०६ पॉइंट केले आणि संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, तिथे डेट्रॉइटकडून सहा सामन्यांत हरला. २०११-१२ ला क्रॉस्बी फक्त २२ सामने, माल्किन ५० गोल आणि १०९ पॉइंट, लीगच्या सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफीही त्यालाच. २००९ च्या सातव्या सामन्यात दुसऱ्या पिरियडमध्ये क्रॉस्बीचा गुडघा दुखावला, तिसऱ्यात तो जेमतेम एका शिफ्टपुरता आला, तरी आघाडी टिकली. २०१७ ला वॉशिंग्टनविरुद्ध तिसऱ्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला, चौथा त्याच्याविना ३-२ ने जिंकला. आणि २०११ च्या प्लेऑफला दोघेही नव्हते: टॅम्पाविरुद्ध ३-१ अशी आघाडी असूनही मालिका सात सामन्यांत गमावली. म्हणजे एक नसताना संघ तग धरतो, दोन्ही नसताना आघाडीही पुरत नाही.

कोपऱ्यातला_पक

पगाराची बाजू राहिली. २०१६-१७ ला सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) ७.३ कोटी डॉलर. क्रॉस्बी ८७ लाख, माल्किन ९५ लाख, मिळून १ कोटी ८२ लाख, म्हणजे कॅपचा जवळजवळ चौथा भाग दोन माणसांवर. उरलेल्या पैशात तिसरा सेंटर, डिफेन्स, गोलरक्षक सगळं बसवायचं. हे जमलं ते दोन गोष्टींमुळे. केसल टोरांटोहून आला तेव्हा टोरांटोने त्याच्या पगारातले १२ लाख स्वतःकडे ठेवले, त्यामुळे पिट्सबर्गच्या कॅपवर तो ६८ लाखांचाच. आणि जेक गेन्ट्झेलसारखा पहिल्या करारावरचा स्वस्त मुलगा, ज्याने २०१७ च्या प्लेऑफमध्ये १३ गोल केले. तोही क्रॉस्बीच्या बाजूला खेळून.

ज्यांना तुलना हवी असेल त्यांनी ऐंशीच्या दशकातलं एडमंटन बघावं: वेन ग्रेट्झकी एका लाइनवर, मार्क मेसिये दुसऱ्या. १९८४ च्या पहिल्या कपाला कॉन स्मिथ मेसियेला. ग्रेट्झकी १९८८ ला लॉस एंजेलिसला गेल्यावरही १९९० चा कप मेसियेच्याच कप्तानीत आला. तेव्हा सॅलरी कॅप नव्हती, त्यामुळे खालच्या लाइनही भक्कम ठेवता आल्या. त्या फरकासकट तुलना करा.

नोंदवही

@हिमरेषा, सुरुवात २००९ च्या चौथ्या आणि पाचव्या सामन्यापासून करा. चौथा पिट्सबर्गमध्ये, डॅटसुक नाही. पाचवा डेट्रॉइटमध्ये, डॅटसुक आहे. दोन्ही घटक एकदम बदलतात, त्यामुळे कशामुळे काय झालं ते लगेच कळणार नाही. म्हणून जोडीला दुसरा सामनाही मोजा: डेट्रॉइटमध्येच, पण डॅटसुकविना. दुसरा आणि पाचवा समोरासमोर ठेवले की डॅटसुकचा भाग वेगळा काढता येतो, दुसरा आणि चौथा ठेवले की शेवटच्या बदलाचा.