एल्कला २४३ पुरते का? कॅलिबर सोडा, गोळीवर बोला

गनिसनकर
धाकटीला यंदा ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे इथल्या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला न्यायचंय. वय १४, अंगाने किरकोळ. हंटर एज्युकेशनचं कार्ड झालं, मादीच्या शिकारीचा परवाना, म्हणजे टॅगही आला. तिच्या खांद्याला नीट बसते ती .२४३ विंचेस्टर, ६ मिलिमीटर व्यासाच्या हलक्या गोळीची रायफल. हे सांगितलं की कोलोरॅडोतला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, "एल्कला २४३? पोरीला धड रायफल घेऊन दे."

मला हे पटत नाही. सावज कॅलिबरने (गोळीच्या व्यासाने) पडत नाही, जिव्हारी पोचलेल्या गोळीने पडतं. एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या घरात असते. बरगड्यांमधून शिरून दोन्ही फुफ्फुसं फोडायला ६ मिलिमीटरची गोळी पुरेशी आहे. अट एकच, आरपार जाईपर्यंत ती एकसंध राहिली पाहिजे. २४३ बदनाम झाली ती लोक तिच्यात हरणांसाठीच्या, कधी तर कायोटीसाठीच्या (कोल्ह्यासारखं जनावर) गोळ्या भरून एल्कमागे गेले म्हणून. वर पातळ आवरण, आत मऊ शिसं. अशी गोळी सेकंदाला ३००० फूट वेगाने खांद्याच्या हाडावर बसली की तिचा चुरा होतो. वरवर मोठी जखम दिसते, जनावर पळतं आणि कुठल्यातरी ओढ्यात जाऊन मरतं.

माझ्यासमोर दोन नावं आहेत. नॉस्लर पार्टिशन १०० ग्रेन (ग्रेन हे गोळीचं वजन, १०० म्हणजे साडेसहा ग्रॅम) आणि बार्न्सची अख्खी तांब्याची टीएसएक्स ८५ ग्रेन. अंतर २०० यार्डांच्या आत आणि जनावर आडवं उभं असेल तरच चाप ओढायचा, हे घरात ठरलंय. कल टीएसएक्सकडे आहे. बोला.

डार्क_टिंबर
"आडवं उभं असेल तरच" हे घरी बसून ठरतं हो. देवदारांच्या दाटीत एल्क तुम्हाला दिसते ती अर्धी, झाडाआड, तिरकी, आणि पुढचं पाऊल टाकायच्या बेतात. तेव्हा गोळीला आधी खांद्याची फरी लागते, किंवा मागच्या तिरक्या बाजूने गवताने ठासून भरलेलं पोट. तिथे ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅमचा तुकडा कुठवर जाणार?

आकडे बघा. एल्कसाठी जुने शिकारी १५०० फूट-पौंड ऊर्जेचा ठोकताळा धरतात. तुमच्या दोन्ही गोळ्या १०० यार्डांवर जेमतेम तिथे असतात. २०० वर १३०० च्या आसपास, ३०० वर हजाराच्या थोड्या वर. त्याच आकाराच्या रायफलमध्ये ७ एमएम-०८, म्हणजे सात मिलिमीटरची जड गोळी झाडणारी, घ्या, १४० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवरही १५०० च्या आसपास राहते. धक्का थोडा जास्त, पण खांदा निखळण्याइतका नाही.

गनिसनकर
१५०० हा आकडा आला कुठून, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. ऊर्जा जनावराला मारत नाही. फुफ्फुसातून किती रुंद आणि किती खोल भोक गेलं, त्याने मरतं. कोलोरॅडोचा नियमच बघा: कमीत कमी .२४ कॅलिबर, एल्क आणि मूससाठी (एल्कहून मोठं हरीण) किमान ८५ ग्रेनची प्रसरण पावणारी गोळी, १०० यार्डांवर १००० फूट-पौंड. मी तिन्ही अटींत बसतो. तिरक्या एल्कवर गोळी झाडू नये, हे तर ३०० विन मॅगसारखी दांडगी रायफल हातात असलेल्यालाही लागू आहे.

यारा_काठी
मी मेलबर्नहून. एल्क बघितली नाही, पण सांबराचं सांगू शकतो. आपल्या ताडोबात दिसतं तेच सांबर इंग्रजांनी १८६० च्या दशकात इथे व्हिक्टोरियात आणून सोडलं आणि आता ते डोंगरभर पसरलंय. मोठा नर वजनाला तुमच्या एल्क मादीच्या तोडीचा, कधी जास्तच. त्याच्यासाठी इथला कायदा किमान .२७० कॅलिबर आणि १३० ग्रेन मागतो. २४३ चालते ती चितळ आणि फॅलो हरणाला. म्हणजे जे जनावर तुमच्या टॅगवरच्या जनावराएवढं आहे, त्याला तुमची रायफल इथे बेकायदा ठरली असती.

उप्साला_आत्या
यारा_काठी यांनी विषय काढलाच आहे तर स्वीडनचंही घ्या. मूस, लाल हरीण, रानडुक्कर हे सगळं पहिल्या वर्गात. गोळी ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल हवेत, १० ग्रॅम किंवा जड असेल तर २००० ज्यूल चालतात. ९ ग्रॅम म्हणजे १३९ ग्रेन. तुमच्या १०० ग्रेनचे होतात साडेसहा ग्रॅम. २४३ इथे मूसजवळ नेताच येत नाही.

पण दुसरी बाजूही सांगते. त्याच स्वीडनमध्ये साडेसहा मिलिमीटरची ६.५×५५ शंभराहून अधिक वर्षं मूस मारतेय, आणि तुमच्या रॉकीजमधले मॅग्नमवाले (जादा दारूची काडतुसं वापरणारे) तिलाही "छोटी" म्हणतील. ती चालते कारण गोळी लांब आणि जड. वजनाला व्यासाच्या वर्गाने भागून जी सेक्शनल डेन्सिटी निघते ती १४० ग्रेनच्या ६.५ ला .२८७ येते, ३०८ च्या १८० ग्रेनला .२७१, आणि २४३ च्या १०० ग्रेनला .२४२. कॅलिबर लहान चालेल, गोळी हलकी नको, असा इथला हिशेब आहे.

तांबट_आळी
आत्या, तो हिशेब शिशाच्या गोळीचा आहे. सेक्शनल डेन्सिटी मोजतात ती न फुटलेल्या गोळीची. मांसात शिरल्यावर पार्टिशनचं पुढचं शिसं झडतं आणि मूळ वजनाच्या ६०-६५ टक्क्यांच्या आसपास उरतं. १०० चे राहिले ६५. टीएसएक्सच्या चार पाकळ्या उघडतात आणि वजन जवळपास सगळं शाबूत राहतं, म्हणजे ८५ चे ८५. आत गेल्यावर जड कोण?

शिवाय मांस खाणार आहात ना? २००८ साली नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तो खिमा फेकून द्या असं राज्याने कळवलं. क्ष-किरणात जखमेपासून लांबवर पांढरे ठिपके दिसतात. पोर वाढीच्या वयात आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंदच केलं, तिथे मुख्य कारण काँडर गिधाडं होती, पण पोटात जाणारं शिसं तेच.

आणि एक सापळा लक्षात ठेवा. दुकानात बार्न्सची टीटीएसएक्स ८० ग्रेन सहज मिळते, लोक तिचं कौतुकही करतात. कोलोरॅडोत एल्कसाठी ती चालत नाही, पाच ग्रेन कमी पडतात. डबा नीट वाचून घ्या.

पार्टिशनवाला
तांब्याचं कौतुक पुरे. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसच्या कातड्यावरच जॉन नॉस्लरच्या गोळ्या फुटल्या, आणि त्या वैतागातून त्याने मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली. १९४८ पासून ती विक्रीला आहे. पुढचा अर्धा भाग फुलून फुफ्फुसाचा लगदा करतो, भिंतीमागचा अर्धा भाग पुढे जातो. शिसं झडतं हा तिचा दोष नाही, त्यासाठीच ती बनवलीय.

६ मिलिमीटरची तांब्याची गोळी फुलली तरी भोक बारीकच पडतं. एल्कचं कातडं जाड, अंगावर हिवाळ्याचे केस. बाहेर पडण्याची जखम लहान असली की रक्त आत साचतं, जमिनीवर माग पडत नाही. फुफ्फुसं फुटलेली एल्कसुद्धा शे-दीडशे यार्ड सहज जाते. सूर्य बुडायला वीस मिनिटं असताना पाइनच्या पडलेल्या सुयांवर थेंब शोधत बसा मग.

तांबट_आळी
थेंब कमी, पण आरपार भोकं दोन. तुमच्या उरलेल्या ६५ ग्रेनला पलीकडचं कातडं फाडून बाहेर पडायचा भरवसा आहे का? नाही पडली तर एकच भोक, तेही आत शिरतानाचं, २४ कॅलिबरचं. मागाचं बोलत असाल तर आधी याचं उत्तर द्या.

पार्टिशनवाला
पार्टिशन बाहेर पडते म्हणूनच इतकी वर्षं टिकलीय. आणि तांबं उघडायला वेग लागतो. १८०० फुटांच्या आसपास उतरली की टोक फुलेलच याची खात्री नाही. सरळ सुईसारखी निघून जाते.

गनिसनकर
२०० यार्डांवर ८५ ग्रेनचा वेग २६०० च्या आसपास असतो. तो मुद्दा मला लागू नाही. मागाचा लागू आहे, त्यावर विचार करतो.

क्रीडमोर_भक्त
६.५ क्रीडमोर रायफल घ्या आणि भांडण मिटवा. हॉर्नडीची १४३ ग्रेन ईएलडी-एक्स, ३०० यार्डांवर १६०० च्या वर ऊर्जा, धक्का २४३ हून थोडाच जास्त. किंवा १४७ ची ईएलडी मॅच, काय नेम लागतो राव!

डार्क_टिंबर
ईएलडी मॅच निशाणेबाजीची गोळी आहे, कंपनी स्वतःच तसं सांगते. कागदावर नेम लागतो म्हणून जनावरावर चालवणाऱ्यांमुळेच लहान कॅलिबर बदनाम होतं. रायफलचा सल्ला बरा, गोळीचा अर्धा मागे घ्या.

सोलापुरी_चादर
सगळं वाचलं. एकच विचारते. मारायचंच कशाला? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली ती उगाच का?

यारा_काठी
ताई, आपल्याकडे ती गरज होतीच. इथे सांबर बाहेरून आलेलं, त्याला खाणारं मोठं जनावर नाही, झाडोरा संपवतंय.

गनिसनकर
आणि इकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपली होती. वायोमिंगहून आणून पुन्हा वाढवली. आज देशातला सगळ्यात मोठा कळप या राज्यात आहे. त्यामागचा पैसा बराचसा टॅगच्या फीचा, आणि बंदूक-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा, जो १९३७ पासून वन्यजीवांसाठी राखलेला आहे. पटलंच पाहिजे असं नाही. वेगळा धागा काढा, मी येतो.

डार्क_टिंबर
मूळ मुद्द्यावर. आत्या आणि यारा_काठी यांचे नियम एकत्र ठेवले तर गंमत दिसते. ७ एमएम-०८ मधली १४० ग्रेनची गोळी स्वीडनच्या ९ ग्रॅममध्ये बसते, व्हिक्टोरियाच्या २७० च्या अटीत बसते, कोलोरॅडोत तर बसतेच. २४३ तिघांपैकी एकाच ठिकाणी बसते, तेही काठावर. तीन देशांत वेगवेगळ्या लोकांनी ठरवलेल्या मर्यादा आहेत या. सगळे उगाच घाबरले होते का?

आता धक्क्याचं. पोरं दचकतात ती रेंजवर, बाकावर टेकून दिवसभर बार काढताना. समोर एल्क उभी असताना धक्का कुणालाच आठवत नाही. सराव .२२ वर आणि २४३ वर करू द्या, ७ एमएम-०८ वर फक्त नेम जुळवण्यापुरते मोजके बार, जाड कोट आणि कानावर डबल बंदोबस्त करून. मग ऑक्टोबरात तीच हातात द्या. कमी धक्क्यासाठी हलकी गोळी निवडायची गरजच उरत नाही.

गनिसनकर
हा पहिला मुद्दा आहे जो मला खरंच अडवतो. पण अनोळखी रायफल घेऊन पहिल्या एल्कसमोर उभं राहायचं, बोल्ट वेगळा, चाप वेगळा, दुर्बीण वेगळी? चौदा वर्षांच्या पोरीला बारा ग्रेन जास्त की हाताची सवय जास्त, यात मी सवय घेईन.

डार्क_टिंबर
बारा नव्हे, पंचावन्न. ८५ आणि १४०.

गनिसनकर
बरं, पंचावन्न. तरी सवयच.

पार्टिशनवाला
वाद जुना आहे हो. अमेरिकन शिकार-लेखक जॅक ओकॉनर २७० वर आणि एल्मर कीथ जाड, जड गोळ्यांवर आयुष्यभर भांडले, दोघांनीही एल्क मारल्या. फक्त ओकॉनरची "छोटी"सुद्धा १३० ग्रेनची असायची, एवढं बोलून थांबतो.

उप्साला_आत्या
मी डार्क_टिंबरच्या बाजूने. तरीही २४३ च नेणार असाल तर २०० यार्ड नको, १२० धरा. आणि पहिली गोळी लागली, जनावर उभंच राहिलं, तर दुसरी लगेच. पोरीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती बंदूक खाली करून तुमच्याकडे बघत राहील.

गनिसनकर
१२० मान्य. दुसऱ्या गोळीचंही. टीएसएक्स ८५ चे दोन डबे आज मागवले. ७ एमएम-०८ पुढच्या वर्षी, नराचा टॅग काढायच्या आधी.

डार्क_टिंबर
म्हणजे पुढच्या वर्षी मी बरोबर होतो असं म्हणणार.

तांबट_आळी
डबे आले की आधी नळीतलं जुनं तांबं ब्रशने आणि सॉल्व्हंटने पूर्ण काढा, घाण नळीतून या गोळ्यांचा नेम विखुरतो. जुन्या १०० ग्रेनवर लावलेला झीरो, म्हणजे दुर्बिणीचा जुळवलेला नेम, या ८५ ला लागू होणार नाही, वेग बराच जास्त आहे. १०० यार्डांवर पुन्हा लावा, आणि शेवटचे तीन बार गार नळीने, टेकू न घेता, पोरीच्याच हातून.