‘फाब्रिकात’ या स्वीडिश शब्दाला मराठीत काय लिहावे?

भांडारपाल_दादर
आमच्या तंत्रशाळेची जडसंग्रह नोंदवही नव्याने लिहिताना जुन्या ड्रिल मशीनसोबत आलेला एक स्वीडिश कागद हाती लागला. त्यावर छापील ‘फाब्रिकात’ या शब्दापुढे शाईने कंपनीचे नाव आहे आणि खाली प्रकार व क्रमांक. मी रकान्याला ‘बनावट’ असे नाव दिले, तर लेखापरीक्षकांनी लाल गोल काढून ‘मशीन नकली आहे का?’ असे विचारले. ‘छाप’ लिहावे, तर चहाची पुडी डोळ्यांसमोर येते. योग्य शब्द कोणता?

नागदेवीकर
ताई, आपला शब्द चुकलेला नाही, तो फक्त एकटा पडला आहे. ‘स्वीडिश बनावटीचे मशीन’ म्हटले की अर्थ घडणीचाच होतो. नुसते ‘बनावट’ दिसले की खोट्या नोटा आठवतात. स्वीडिशमध्ये हा धोका नाही. तिथे ‘फाब्रिक’ म्हणजे कारखाना आणि ‘फाब्रिकात’ म्हणजे कारखान्यात तयार झालेली वस्तू. त्यावरूनच ‘माल कोणाचा’ हाही अर्थ निघतो. नागदेवी स्ट्रीटवर आम्ही रोज एसकेएफचे बेअरिंग मागतो, त्यातला ‘एफ’ याच कुळातला आहे. १९०७ साली गोथेनबर्गमध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीचे पूर्ण नाव ‘स्वेन्स्का कुल्लागेरफाब्रिकेन’, म्हणजे शब्दशः ‘स्वीडिश बॉल बेअरिंग कारखाना’. माझ्या मते आपण सरळ ‘उत्पादक’ लिहावे.

शब्दवेल्हाळ
‘उत्पादक’ला माझी थोडी हरकत आहे, कारण त्यासाठी स्वीडिशमध्ये ‘तिलवेर्कारे’ हा वेगळा शब्द आहे. ‘फाब्रिकात’ वस्तूविषयी बोलतो, माणसाविषयी किंवा संस्थेविषयी नाही. तिसरा शब्द ‘मॅर्के’, म्हणजे खूण. त्यावरून झालेला ‘वारुमॅर्के’ हा आपल्या कायद्यातल्या ‘व्यापारचिन्हा’चा जोडीदार होय. (‘ब्रँड’ मात्र तिथे जपून वापरावा; स्वीडिशमध्ये ‘ब्रांद’ म्हणजे आग!) वर्कशॉपमध्ये ‘कुठल्या मेकचे?’ असे सगळेच विचारतात आणि तो प्रश्न ‘फाब्रिकात’चाच आहे. शुद्धतेच्या हट्टापायी तो रुळलेला शब्द टाळण्याचे मला कारण दिसत नाही.

भांडारपाल_दादर
दोघांचेही आभार. रकान्याला ‘मेक’ असे नाव दिले आणि वर्णनात ‘स्वीडिश बनावटीचे ड्रिल मशीन, एक नग’ असे लिहिले आहे. लाल गोल तेवढा खोडता येत नाही. त्याच्याशेजारी खुलासा लिहून सही घेईन.