बाबा कशातच रमत नाहीत. न्यूरोकडे न्यावं की मानसोपचारवाल्यांकडे?

सांजवात_पुणे
बाबा 74 वर्षांचे. बीपी जुनं, मधुमेहही. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला, सौम्य होता, हात सुधारला. दिवाळीपासून मात्र गप्प आहेत. रडत नाहीत, तक्रारही नाही. शब्दकोडं एका बैठकीत सोडवणारा माणूस, आता पेपर उघडून तासभर त्याच पानावर. समोरच्या चहावर साय धरते. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे बदल दिसले, त्यावर डॉक्टर म्हणाले, 'वयाचं आहे.' आई म्हणते, आळस भरलाय.

फणसपोळी
आत्याचं अगदी असंच झालेलं. आम्हीही 'वय झालं' म्हणत वर्ष घालवलं. तुम्ही नका घालवू.

रात्रपाळी_डॉक
इथून निदान करत नाही, पण हा आळस वाटत नाही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. मोठा झटका नसतानाही बीपी-साखरेनं मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्या खराब होतात आणि कामाला सुरुवात करायला लावणारी यंत्रणा मंदावते. 'व्हॅस्क्युलर डिप्रेशन', म्हणजे अशा वाहिन्यांच्या बिघाडातून येणारं नैराश्य, ही कल्पना 1997 मध्ये मांडली गेली. यात रडण्यापेक्षा मंदपणा, निरुत्साह जास्त. नुसत्या एमआरआयवरून मात्र ठरत नाही, तसे बदल ठणठणीत म्हाताऱ्यांतही दिसतात.
मी आधी मानसोपचारतज्ज्ञ म्हणेन, न्यूरोची फाइल सोबत न्या. थायरॉइड, बी12, सोडियम बघून घ्या. नैराश्याच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्यांचं सोडियम उतरतं, म्हणून सुरू केल्यावरही पुन्हा तपासायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुण यायला काही आठवडे लागतात, कधी अर्धवटच येतो. मनानं गोळी बंद करू नका.

सांजवात_पुणे
ॲस्पिरिन चालू आहे! पण 'मी काय वेडा आहे का' म्हणतील, त्याचं काय?

फणसपोळी
आम्ही 'स्ट्रोकनंतरची तपासणी' म्हणून नेलं. खोटं कुठे आहे त्यात? आणि 'दूध आणता का?' असं विचारू नका, 'नको' ठरलेलं. आत्याच्या हातात सातला पिशवी द्यायचो, चप्पल पुढे ठेवायचो. उठली की जायची.

आजोळ
जगून काय करायचं, असं काही बोलले तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच दाखवा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीत बोलतात.

सांजवात_पुणे
गुरुवारची वेळ मिळाली. आज मी कोडं घेऊन बाबांशेजारी बसले. उभा तीन अडला होता. पाचेक मिनिटांनी, पेपरकडे न बघताच, 'पारिजात' म्हणाले.