मदत हवी आहे: भाऊ नॉर्समन ट्रायथलॉन करतोय, सपोर्ट क्रू आम्ही

पेठकरीण

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाचं नॉर्समनच्या सोडतीत नाव लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नॉर्वेतली ही ट्रायथलॉन २००३ पासून होते. ऑगस्टच्या सुरुवातीला, पहाटे पाच वाजता हार्डांगर फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) उभ्या असलेल्या फेरीबोटीवरून थेट पाण्यात उडी. ३.८ किमी पोहून आयडफ्योर्ड गावाच्या किनाऱ्याला लागायचं, मग हार्डांगरविडाच्या पठारावरून १८० किमी सायकल आणि शेवटी ४२.२ किमी धावणं, तेही गाउस्टाटोपेन या १८८३ मीटरच्या डोंगराच्या जवळजवळ माथ्यापर्यंत. वर फक्त पहिल्या १६० जणांना सोडतात, काळा टी-शर्ट त्यांनाच. बाकीचे खाली शर्यत पूर्ण करतात, त्यांना पांढरा. भाऊ म्हणतो, "ताई, पांढरा मिळाला तरी चालेल." चालणार नाहीये. मी ओळखते त्याला.

आता मुद्दा. या शर्यतीत आयोजकांचे खाण्यापिण्याचे स्टॉल नसतात. प्रत्येकाने आपली माणसं आणि आपली गाडी आणायची, तो नियमच आहे. म्हणजे मी आणि माझे मिस्टर. गाडी मिस्टर चालवणार आणि शेवटी डोंगरावर भावाबरोबर तेच जाणार (दर रविवारी सिंहगड चढतात, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा). आई ६८ वर्षांची, गुडघ्यांची तक्रार आहे, पण तिने जाहीर केलंय की पोरगा त्या गार पाण्यात उडी मारणार आणि मी इथे मालिका बघत बसणार नाही.

तर: आईला न्यावं का, आणि नेलं तर दिवसभर कुठे ठेवावं? उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नसलेल्या माणसाने त्या घाटात जावं का? खायला काय द्यायचं?

आणि ज्यासाठी खरं तर धागा काढला ते. भावाने एक्सेल शीट पाठवली आहे. किती वाजता कोणती बाटली, कुठे मोजे, कुठे जॅकेट, सगळं आहे. पण त्याची तब्येत बिघडायला लागली तर थांबवायचं कोणी आणि कशावरून, हा रकाना त्यात नाही. विचारलं तर हसतो. कोणी अशा शर्यतीत घरच्यांना सपोर्ट केलाय का?

घाटमाथा

अभिनंदन! मी नॉर्समन नाही, पण मित्राच्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींना गाडी घेऊन गेलोय.

तुमच्या योजनेत एक मोठी गोची आहे. तीन वाजता उठून दिवसभर अनोळखी रस्त्यावर गाडी चालवणारा माणूसच संध्याकाळी डोंगर चढणार? शेवटचे जवळपास पाच किमी नुसत्या दगडांची वाट आहे. तुम्ही लायसन्स काढून घ्या आणि निम्मी गाडी तुम्ही चालवा. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट दोघांनीही काढा. गाडी ऑटोमॅटिकच घ्या, डाव्या सीटवर बसून उजव्या हाताने गिअर शोधायची ती वेळ नव्हे.

बाटली देण्याचं इथेच शिकून घ्या. ताम्हिणीत एक रविवार घालवा. चढ संपत आलेला असतो, वेग कमी असतो, तिथे उभं राहायचं. बाटली बुडाशी धरायची नाही. वरून टोपणाजवळ दोन-तीन बोटांत सैल धरायची, हात लांब, आणि तो येतोय त्याच दिशेने चार पावलं पळायचं. त्याची पकड बसली की सोडून द्यायची. "बरं वाटतंय का?" वगैरे विचारायचं नाही. पुढच्या थांब्याला काय हवं एवढंच विचारा, आणि उतार सुरू व्हायच्या आधी जॅकेट. घामेजलेला माणूस पठारावरच्या वाऱ्यात खाली सुटला की पाच मिनिटांत गारठतो.

नॉर्वेकर

बर्गनला राहतो, दोनदा प्रेक्षक म्हणून गेलोय.

गाडी: इथे दिवसाही हेडलाइट लावायचे असतात. वेगाचे दंड असे आहेत की ट्रिपचं बजेट कोलमडेल. मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. पहिला चढ समुद्रसपाटीपासून सुमारे १२५० मीटरपर्यंत जातो. गाड्यांनी कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे त्या वर्षीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते पाठ करा. सपोर्टच्या चुकीचा दंड स्पर्धकाला बसतो.

आईंना नक्की आणा, पण १८० किमी गाडीत कोंबू नका. पहाटे आयडफ्योर्डच्या किनाऱ्यावर पोहणारे बाहेर येताना बघू देत. त्यानंतर कोणी ओळखीचं असेल तर आईंना सरळ र्युकान गावाला पोचवा. सायकल टिन सरोवराच्या काठी संपते, धावणं काठाकाठाने र्युकानकडे येतं आणि सुमारे २५ किमीवर झॉम्बी हिल या चढाची वळणं सुरू होतात. तिथे स्पर्धक चालत असतात, त्यामुळे आईंना तो नीट दिसेल आणि त्याला आई दिसेल. वेळ जायला गाव छान आहे. दरीत हिवाळाभर ऊन येत नाही म्हणून २०१३ मध्ये डोंगरावर आरसे बसवून चौकात ऊन पाडलंय. जवळच वेमोर्क, जिथल्या कारखान्यात १९४३ मध्ये जर्मनांचं (अणुसंशोधनासाठीचं) जड पाणी उडवलं.

डोंगराच्या पोटातून वर जाणारी गाउस्टाबानेन रेल्वे आहे, पण शर्यतीच्या दिवशी आईंना तिने माथ्यावर नेता येईल असं धरून चालू नका. मिस्टर आणि भाऊ उतरताना मात्र ती देवासारखी वाटेल.

खाणं: मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून आणता येत नाहीत, म्हणजे पेढे-बर्फी विसरा. शेंगदाण्याची चिक्की, गूळ, मेतकूट चालेल. बटाटे, तांदूळ इथे घ्या, पण शुक्रवारीच. शनिवारी शर्यत. रविवारी बहुतेक दुकानं बंद.

डॉ. निवांत

थांबवण्याबद्दल. पाण्यातून आल्यावर कुडकुडणं, बोटांनी बक्कल न लागणं अपेक्षित आहे. ओले कपडे आधी काढा, डोकं झाका, गरम गोड काहीतरी द्या, हातपाय चोळू नका. गरम न होताच कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, तोल जायला लागला किंवा उत्तरं भलतीच यायला लागली, तर शर्यत तिथेच संपली. आयोजकांच्या डॉक्टरांना बोलवा.

संध्याकाळी डोकेदुखी, उलट्या, गोंधळ आणि सकाळपासून नुसतं पाणी ढोसलंय असं असेल तर आणखी पाणी पाजू नका. सोडियम घसरलेलं असू शकतं.

आणि हे त्याच्याशी आत्ताच बोला. गारठलेला मेंदू "मी ठीक आहे" म्हणतोच. थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, आणि ती व्यक्ती आई नको.

पेठकरीण

धन्यवाद, मनापासून. काल भावाला फोनवर डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आधी गप्प, मग म्हणाला, "अधिकार भावजींना दे. तू रडशील आणि मी तुझं ऐकेन." म्हणजे ठरलं. शीटमध्ये रकाना आला. दर थांब्याला त्याला सतराचा पाढा विचारायचा असं मिस्टर म्हणत होते, पण तो त्याला शुद्धीतही येत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस विचारणार आहोत.

मी ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय. आई र्युकानला तयार आहे, "मी काय करू वरती जाऊन, मला तो दिसला म्हणजे झालं."

शेवटचं एकच. मऊ भात तिथे करायचा तर कुकर न्यावा का? घरात यावरून दोन तट पडलेत.

नॉर्वेकर

आणा. चेक-इनच्या बॅगेत टाका, शिट्टी मोज्यात गुंडाळून. आणि भाड्याच्या घराला इंडक्शनची शेगडी आहे ना, ते आधी विचारा, साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही.