घरच्या घरी गाडीची चाके मुळापासून स्वच्छ करणे : आपले अनुभव लिहा

दसरा आठवड्यावर आला आहे. खंडेनवमीला पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बादल्या निघतात, गाड्या धुतल्या जातात, हार चढतात. पण बॉनेट आणि काचांच्या वाट्याला जेवढे कष्ट येतात, तेवढे चाकांच्या वाट्याला येत नाहीत. ज्यांनी घरी चाके मनापासून स्वच्छ केली आहेत, त्यांनी काय वापरले, काय चुकले आणि पुढे चाके चांगली राहावीत म्हणून काय केले, ते येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

धनकवडी

नोकरीनिमित्त मी रोज शिरवळला जातो. परतताना नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवावाच लागतो. माझ्या गाडीची पुढची दोन अलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची) चाके काळवंडत, मागची मात्र बरी राहत; कारण पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि मागे ड्रम, ज्यात झिजेची पूड बरीचशी आतच राहते. शाम्पूने काळेपणा गेला, तरी तांबूस ठिपके तसेच राहिले. डिस्क आणि पॅड घासून निघालेले लोखंडाचे तापलेले कण अलॉयवरच्या पारदर्शक थरात रुततात, ओलाव्याने गंजतात आणि मग साबणाला दाद देत नाहीत.

त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव, उपयोगी पडला. चाक पूर्ण थंड असताना, सावलीत, आधी पाण्याने माती काढून मी तो फवारला. काही मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागले. तो रंग म्हणजे रसायनाची लोखंडाशी झालेली प्रक्रिया. वास सडक्या अंड्यांसारखा येतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि मोकळ्या हवेत काम करावे. द्रव वाळू देऊ नये. दोनदा फवारून धुतल्यावर ठिपके गेले. मग चाक कोरडे करून मेणाचा पातळ थर दिला, डिस्कला त्याचा स्पर्श होणार नाही याची काळजी घेतली. आता दर पंधरा दिवसांनी साधा कार शाम्पू आणि मऊ ब्रश एवढ्यावर भागते.

कर्वेनगर

माझी चूक इतरांनी करू नये, म्हणून लिहिते. हट्टी डाग पाहून मी बाथरूम धुण्याचे आम्लयुक्त द्रव्य चाकावर ओतले आणि दहा मिनिटे ठेवले. डाग गेले, पण चाकाची झिलईही गेली, आणि जेथे आधीच ओरखडा होता तेथे अ‍ॅल्युमिनियम पांढुरके पडून खरखरीत झाले. आम्लाप्रमाणे कॉस्टिक सोडाही अ‍ॅल्युमिनियमला खातो, हे मला नंतर कळले. ते चाक शेवटी पुन्हा रंगवून घ्यावे लागले. तारेची घासणीही वापरू नये. स्पोकच्या कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश पुरतो.

वाघोली

आमच्याकडे बोअरचे जड पाणी टँकरने येते. चाक धुऊन तसेच वाळू दिले की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात, आणि ते काढणे मळ काढण्यापेक्षा कठीण असते. त्यामुळे मी एक चाक धुतो, लगेच मायक्रोफायबरच्या कापडाने कोरडे करतो आणि मगच दुसऱ्याकडे वळतो. चाकांची बादली आणि कापडे वेगळी ठेवली आहेत, कारण त्यांतली लोखंडाची कचकच गाडीच्या रंगावर ओरखडे काढते.

औंध

पावसाळ्यात ताम्हिणीहून परतल्यावर साधारण ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले. मला अलाइनमेंटची शंका आली, पण वाकून पाहिले तर रिमच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी चिखलाचा जाड थर वाळून बसला होता. तो काढताच थरथर थांबली. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, बॅलन्सिंगची, म्हणजे चाक समतोल फिरावे म्हणून, चिकटवलेली वजने त्याच आतल्या बाजूला असतात. खरवडताना किंवा प्रेशर पंपाचा झोत जवळून मारताना ती निघाली, तर स्वच्छ चाकही थरथरेल.

बिबवेवाडी

दिवेआगरला जाऊन आल्यावर खारे पाणी चाकांवर राहू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. माझे एक अलॉय पोलादी हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) गंजून असे घट्ट बसले होते की पंक्चरच्या वेळी नट सुटले, चाक सुटेना. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून असताना खारट ओल मिळाली की हे होते.

तेव्हापासून वर्षातून एकदा मी चाके एकेक करून उतरवतो. सपाट जमीन, हँडब्रेक, तिरक्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा), नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करणे आणि जॅकखेरीज आधाराला स्टँड, यांतले काहीही मी गाळत नाही. हबचा गंज ब्रशने काढतो, रिम आतून धुऊन वाळवतो आणि आतही मेण लावतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळतो. पुस्तिकेत माझ्या गाडीसाठी ८५ न्यूटन-मीटर दिले आहेत, तेवढेच टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या, पान्याने. नटांच्या आट्यांना तेल लावत नाही, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासतो.

सदाशिव पेठ

आमच्या जुन्या गाडीला पोलादी चाके आहेत. व्हील कॅप काढून पाहिल्याखेरीज तिच्या क्लिपांखालचा गंज दिसत नाही. तो घासून, प्रायमर देऊन, चंदेरी रंगाचा फवारा मारला. तीन पावसाळे टिकला.

पाषाण

टायर काळेभोर दिसावेत म्हणून लावण्याचे पॉलिश फक्त कडेला, कापडाला घेऊन पुसावे. फवारल्यास ते डिस्कवर उडते, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आल्यास टायर घसरतो. डांबर काढायला रॉकेल वापरणाऱ्यांनीही ते रिमपुरतेच ठेवावे, रबराला लागू देऊ नये. आणि सगळे धुऊन झाल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवण्याऐवजी मी सोसायटीतच एक फेरी मारून ब्रेक हलके दाबतो. डिस्क कोरड्या होतात आणि सकाळी त्यांवर गंजाचा तांबूस पापुद्रा दिसत नाही.